मागेराव आणि आमच्या दोन खुर्च्या

आमच्या क्लबच्या मॅनेजरचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पूर्वेकडच्या स्टँडमध्ये ते कोणी घेत नाही. तिथे ते मागेराव. कारण त्यांचं राज्य आल्यापासून चेंडू मागेच जातो. पुढचा खेळाडू मधल्याला देतो, मधला बचावातल्याला, बचावातला गोलकीपरला, आणि गोलकीपर बिचारा आता कोणाला देऊ म्हणून इकडेतिकडे बघत बसतो. एका सामन्यात मागे दिलेले पास मी मोजले होते. एकशे बारा. गोल किती, ते विचारू नका.

नवव्या रांगेत आमच्या दोन खुर्च्या आहेत, एक बाबांची आणि एक माझी. मी सात वर्षांची होते तेव्हापासून वर्षाचा पास काढून आम्ही त्या धरून ठेवल्यात. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. चाळीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले आणि त्यांच्याच कंपनीत मी लागले. घरी आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस?", "जेवले", "किल्ली घेतलीस?", "घेतली". आई गेल्यापासून तर तेवढंही मोजूनमापून. पण शनिवारी त्या दोन खुर्च्यांवर बसलो, की आम्हा दोघांना चेव यायचा. रेफ्रीपासून पाणी घेऊन पळणाऱ्या माणसापर्यंत आम्ही कोणाला सोडत नसू. माझ्या बापाशी माझी जी काही मैत्री आहे ती त्या नव्वद मिनिटांत झालेली आहे, हे मी शपथेवर सांगेन.

आणि गेल्या रविवारी, चहाचा कप विसळता विसळता, बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी माझा पास नको काढायला. तुला हवा तर तुझा काढ."

"का?"

"कंटाळा आला त्या मागेरावाचा."

बस्स. विषय संपला. कप पालथा घातला आणि गेले पेपर वाचायला. पास वाढवायची शेवटची तारीख शनिवारची, सिझनचा शेवटचा सामनाही शनिवारीच. आठवडाभर मी मनातल्या मनात मागेरावांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सामने घालवले ते घालवले, आता माझा बापही शेजारून उठवला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शनिवारी दुपारी एक वाजता ऑफिसातून फोन आला. तळ्याकाठच्या सातमजली इमारतीत लिफ्ट अडकली आहे, आत एक माणूस आहे, ताबडतोब जा. आमच्या कामाचा नियम असा की अडकलेला माणूस काढायला दोघं लागतात. एक वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, एक मजल्यावर दारापाशी. माझा जोडीदार रजेवर होता. शिवाय ती लिफ्ट जुनी, बाबांनी स्वतः बसवलेली. तिच्या ब्रेकचे नखरे त्यांच्याशिवाय कोणाला कळत नाहीत.

"बाबा, येता का?"

ते शर्टाची बटणं लावतच बाहेर आले. रिटायर झालेल्या माणसाला 'तुमच्याशिवाय अडलंय' हे सांगितलं, की गुडघे आपोआप बरे होतात.

बाबा वर गेले. मी चौथ्या मजल्यावर थांबले. आमचे दोघांचे मोबाईल जोडलेले, माझा इअरफोन कानात, बाबांचा मोबाईल शर्टाच्या खिशात. मेन स्विच बंद केल्याचं त्यांनी सांगितलं तशी मी तिकोनी किल्लीने बाहेरचं दार जरासं उघडून बघितलं. डबा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लटकला होता, त्यामुळे आतल्या माणसाचं डोकं माझ्या बुटांच्या पातळीला होतं. मी वाकले. त्याने वर बघितलं.

मागेराव!

कोट, टाय, हातात फाईल. कपाळावर घाम. क्लबने त्यांना याच इमारतीत फ्लॅट घेऊन दिलाय, हे मला कुठून माहीत असणार?

"चार वाजता सामना आहे माझा," ते म्हणाले.

"माझाही," मी म्हणाले. "दारापासून लांब उभे राहा. वर चढायचा प्रयत्न करायचा नाही." आणि दार लावून घेतलं.

आता खरं तर बाबांना सांगायला हवं होतं. पण मी माझ्या बापाला ओळखते. आत कोण आहे हे कळलं असतं, तर त्यांनी मशीनरूममधल्या स्टुलावर मांडी घातली असती आणि संध्याकाळी सहापर्यंत ब्रेकला हात लावला नसता. मी नुसतं म्हटलं, "एक गृहस्थ आहेत. ठीक आहेत. मी सगळ्या मजल्यांची दारं तपासून येते." ब्रेक सोडण्याआधी प्रत्येक मजल्याचं दार बंद आहे ना, हे हाताने ओढून बघावं लागतं. हाही नियमच. तपासून होईपर्यंत दहापंधरा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ मशीनरूममधल्या माणसाने इंटरकॉमवरून अडकलेल्याला बोलतं ठेवायचं असतं. विषय कुठलाही चालतो. बाबांचा विषय कुठला असणार!

मी जिना उतरत होते. बाबांच्या खिशातला मोबाईल चालूच राहिला होता. ते विसरले होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"घाबरू नका हं साहेब. ही माझ्या हातची लिफ्ट आहे. फुटबॉल बघता का?"

"बघतो," इंटरकॉममधून आवाज आला. त्या जुन्या यंत्रातून सगळेच पडसं झाल्यासारखे बोलतात, बाबांना ओळखू येणं शक्यच नव्हतं. "कामापुरता."

"मग आमच्या मागेरावांबद्दल तुमचं काय मत?"

"कोण मागेराव?"

झालं. बाबांना एवढंच हवं होतं. पुढची पाच मिनिटं त्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. चेंडू पुढे दिला तर यांच्या पगारातून कापून घेतात का, गोलकीपरला बुटांचा वेगळा भत्ता द्या, विरोधी संघाचा गोल कुठल्या बाजूला आहे हे यांना कोणी नकाशा काढून दाखवलंय का. मी तिसऱ्या मजल्याचं दार ओढून बघता बघता हसून हसून कठड्याला टेकले.

"पण पुढची वाट बंद असेल तर?" आतला आवाज जरा चढला. "चेंडू मागे घेतला की समोरचे पुढे ओढले जातात. जागा मोकळी होते. मग पुढे जाता येतं."

"दोन वर्षं झाली मोकळी होतेय जागा! बरं, आता ऐका. पोरीने सांगितलं की मी डबा हळूहळू वर घेणार."

"वर? मला खाली जायचंय."

"माहितीये हो. पण आत एकटे आहात, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन जड. ब्रेक सोडला की डबा आपसूक वरच जातो. खाली न्यायचा म्हणजे चाक फिरवून माझा घाम निघेल. वर घेऊ, दार उघडू, मग जा की खाली."

"म्हणजे तुम्ही मला मागे नेणार, पुढे जाता यावं म्हणून."

 वर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"लिफ्टचं वेगळं असतं," बाबा म्हणाले.

मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा आतला आवाज विचारत होता, "इतकं वाईट खेळतात तर जाता कशाला?"

"आता नाही जाणार. आजचा शेवटचा."

"मागेरावांमुळे?"

"छे हो! असे किती मॅनेजर आले आणि गेले. आपला क्लब चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये होता तेव्हाही जात होतो मी." बाबांचा आवाज खाली आला. "मुलगी बसते शेजारी. घरी ती फार बोलत नाही, मलाही जमत नाही. पण मैदानात अशी ओरडायची, साहेब, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. आठवडाभर मी त्याची वाट बघायचो. गेले चारपाच महिने हूं नाही की चूं नाही. चेंडू मागे गेला तरी गप्प. पास मोजत बसते. मी ओळखलं, हिला आता यात रस नाही, म्हातारा एकटा पडेल म्हणून येते. तरुण आहे, शनिवारची दुसरी कामं असतील. म्हटलं आपणच बाजूला व्हावं. मागेरावांचं नाव सांगितलं, म्हणजे तिला वाईट वाटायला नको."

मी जिन्यावर मटकन बसले. डोळे इतके भरले की समोरचं दार दिसेना.

चारपाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय, त्यांना फार उत्तेजित होऊ देऊ नका. आणि आमच्या दोघांचं तर असं, की मी एक ओरडले की ते दोन ओरडणार. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. दात आवळून, नखं तळहातात रुतवून मागे जाणारे पास मोजत बसले, का, तर बापाला बरं वाटावं म्हणून! आणि इकडे बाप मला मोकळं करायला निघाला होता. दोघं एकाच घरात राहतो, हे कोणाला सांगायचीही सोय नाही.

डोळे पुसले. पहिला मजला, तळमजला, दोन्ही दारं ओढून बघितली. मग चार जिने पळत चढले आणि वरच्या तीन मजल्यांची दारंही बघून परत चौथ्यावर आले.

"सगळं बंद. सोडा ब्रेक."

वर ब्रेक कुरकुरला. दोरावर प्रत्येक मजल्याची रंगाची खूण असते, ती जागेवर येईपर्यंत बाबा डबा तसूतसूने वर घेत होते. "चौथा," ते म्हणाले आणि ब्रेक बसला. मी दार उघडलं. मागेराव बाहेर आले, टाय सरळ केला, आणि माझे लाल डोळे, कानातला इअरफोन बघून त्यांना बहुधा कळलं की मी सगळं ऐकलंय, कारण ते हातातली फाईल चाळायला लागले.

"आले का बाहेर?" कानात बाबा.

"आले," मी म्हणाले. "आणि आता तुम्ही ऐका, बाबा!"

मग मी मागेरावांकडे वळून तोंड उघडलं. पाच महिन्यांचं साठलेलं होतं. अहो, तुमच्या स्ट्रायकरला चेंडू कसा दिसतो ते तरी आठवतंय का? कॉर्नर मिळाला तरी आमच्याच गोलकीपरपर्यंत येतो, ही कुठली विद्या? तिकीट काढून आलेली माणसं तुमच्या गोलकीपरची पाठ बघायला येतात का? पुढे, पुढे, पुढे, एवढा एकच शब्द शिकवा त्या पोरांना! तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं. पाचव्यावर कुत्रं भुंकलं. मागेराव फाईल छातीशी धरून भिंतीला टेकले होते.

"अगं, कोणाला बोलतेस?" बाबा ओरडत होते. "गिऱ्हाईक आहे ते! नोकरी घालवशील!"

"गिऱ्हाईक कसलं? मागेराव आहेत!"

वरून जिन्यावर पावलं ऐकू आली, एकेक पायरी, गुडघे सांभाळत. बाबा आले, हात ग्रीसने काळे. त्यांनी मागेरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, मी मघाशी जे बोललो..."

"मनापासून बोललात."

"हो," बाबा म्हणाले. माझा बाप माफी मागायला आला होता, पण खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"मी जिन्यानेच जातो," मागेराव म्हणाले. दोन पायऱ्या उतरून थांबले. "तुमच्या मुलीचा आवाज मात्र मी मैदानात ऐकलेला आहे. हल्ली येत नाही म्हणून बरं वाटत होतं." आणि गेले.

बाबा खिशातला मोबाईल काढून बघत उभे राहिले. पडद्यावर कॉलची मिनिटं पळतच होती.

"हा चालू होता?"

"पूर्ण वेळ."

ते फडक्याला हात पुसत राहिले, न निघणारं ग्रीस निघेपर्यंत.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमचं प्रेशर..." मी सुरुवात केली.

"मला पण सांगितलं होतं. गोळी घेतो ना मी! विचारायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत?"

आम्ही हत्यारं पिशवीत भरली, लिफ्टला 'बंद' पाटी लावली आणि तडक मैदान गाठलं.

सामना कसा झाला? जसा होतो तसा. सव्विसाव्या मिनिटाला मधल्या वर्तुळातून चेंडू चार जणांच्या पायातून फिरून आमच्या गोलकीपरकडे आला. मी उठून उभी राहिले आणि फुप्फुसात होती तेवढी हवा बाहेर काढली. पुढच्या रांगेतली माणसं वळली. बाबाही उठले, माझ्यापेक्षा दुप्पट ओरडले आणि खाली बसताना इतके हसत होते की त्यांना ठसका लागला. खाली मैदानाच्या कडेला मागेरावांनी मान वळवून आमच्या स्टँडकडे एकदा बघितलं. एक-शून्यने हरलो. इतक्या आनंदात मी आजवर कधी हरले नव्हते.

सामना संपल्यावर पासाच्या खिडकीशी रांग नव्हती. आतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "काका, आधीच सांगते, नंतर माझ्या नावाने बोंब नको. मॅनेजरसाहेबांचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवलाय. आजच सही झाली."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"तीन वर्षं?" बाबा फॉर्म परत आत ढकलत म्हणाले. "मग एका वर्षाचा काय देताय, बाई? तीन वर्षांचा द्या. दोघांचा."