परीक्षक कोण

डॉ. पंचफुलाच्या टेबलावर तो शोधनिबंध आला तेव्हा त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. वैद्यकीय नियतकालिकाची रीतच तशी होती. लिहिणाऱ्याला परीक्षक कळू नये, परीक्षकाला लिहिणारा. पण दुसऱ्याच पानावर तिनं ओळखलं. रक्तवाढीच्या नव्या गोळीचा प्रयोग, तोही वडनेरकडच्या मजूर बायांवर. वर्ध्यात हे काम एकच माणूस करत होता, डॉ. बबनराव. ते तिचे गुरू. संशोधनाची बाराखडी तिनं त्यांच्याच हाताखाली गिरवली होती.

तिनं संपादक महादेवरावांना फोन केला. "लेखक कोण ते मी ओळखलंय. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"घरचंच काम समजा, बाई," ते हसले. "नजर टाका अन् पाठवून द्या."

निबंध देखणा होता. पण एका वाक्यावर ती अडली. 'सर्व स्त्रियांनी समजून संमती दिली. कोणालाही त्रास झाला नाही.' पंचफुलाची आई लोकांच्या शेतात तण काढायला, निंदणाला जायची. मजूर बाईच्या तोंडून 'तरास नाई' किती सहज निघतं, हे तिला ठाऊक होतं. आणि इथं तर बायांच्या वतीनं दुसराच कोणी बोलत होता.

रविवारी ती बसनं वडनेरला गेली. गोळ्या घेतलेल्या बायांपैकी रुख्माबाई अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होती.

"मावशी, गोळी कायची हाये, थे कोनं सांगतलं का तुमाले?"

"नाई वो बाई. गाडी आली, गोया देल्ल्या, आंगठा घेतला. काऊन घेतला, थे मले का मालूम?"

"मंग काही तरास?"

"डोयापुढं अंधारी ये. वावरात पडलीबी एकडाव. बबनराव सायबाले सांगतलं, तं म्हने खात राह्यजो."

शेजारच्या बायाही जमल्या. कोणाला गुण आला होता, कोणाच्या पोटात आग पडली होती. विचारलं मात्र एकीलाही नव्हतं.

पंचफुलानं अभिप्राय लिहिला : संमती खरी नाही, तक्रारी गाळल्या आहेत, छापू नये.

महादेवरावांनी तिला नागपूरला नियतकालिकाच्या कचेरीत बोलावून घेतलं. "परीक्षकानं कागद तपासायचा असतो, बाई, गाव नाही."

"कागदच खोटं बोलत असेल तर?"

त्यांनी तिचा अभिप्राय बाजूला सारला आणि निबंध दुसऱ्याकडे पाठवला. त्या परीक्षकानं तो बिनतक्रार पास केला.

हिवाळ्यात डॉक्टरांचं वार्षिक अधिवेशन वर्ध्यातच भरलं. बबनरावांनी तोच निबंध वाचला, टाळ्या झाल्या. पुढच्या अंकात तो पहिल्या पानावर येणार, असं महादेवरावांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. पंचफुला उठली.

"सर, रुख्माबाई वावरात चक्कर येऊन पडल्या. ते निबंधात कुठं आहे?"

बबनरावांनी हातातले कागद खाली ठेवले.

"हे तुला कोणी सांगितलं?" बबनरावांनी विचारलं.

"त्यांनीच. तुम्हालाही सांगितलं होतं."

महादेवराव ताडकन उठले. "परीक्षणातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात!"

"परीक्षकाचं नाव लपवायचं होतं ना? मग ऐका. नकार देणारा परीक्षक मीच. त्या बायांचं दुखणं लपवायचा नियम मात्र मला कोणी दाखवा."

बबनरावांचा चेहरा लाल झाला. संतापात त्यांची घरची बोली बाहेर पडली. "तुले इथवर कोनं आनलं, इसरली का?"

"नाही विसरले, सर. तुम्हीच आणलं. म्हणून काय त्या बायांचा जीव तुमच्या पायावर वाहू?"

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बबनरावांना तक्रारींची नोंद मागितली. बबनराव चष्मा पुसत राहिले. मग तीच मागणी करत आणखी दोघे उठले. महादेवरावांना तिथंच सांगावं लागलं, की निबंध तूर्त छापला जाणार नाही.

त्यानंतर पंचफुलाकडे परीक्षणाला एकही निबंध आला नाही. नोकरीतली बढतीही लांबली. बबनराव समोरून येताना रस्ता बदलू लागले, तेव्हा तिला वाईट वाटलं. पण तिनं आपला रस्ता बदलला नाही.

उन्हाळ्यात गोळ्यांची गाडी पुन्हा वडनेरला आली. रुख्माबाई पदर खोचून गाडीपुढं उभी राहिली. "पयले सांगा, मंगच देजा."

गाडीवाल्यांना सांगावं लागलं. ऐकून काही बायांनी गोळ्या घेतल्या. रुख्माबाईनं घेतल्या नाहीत.