पंच्यातून गाळलेलं पाणी

आश्विनातली सकाळ. सह्याद्रीच्या खांद्यावरून ऊन उतरत होतं. हळदी, हळुवार, हिरव्याला हात लावत, थांबत, पुन्हा उतरत. पाऊस परतीला लागला होता, पण रान अजून ओलं होतं. पानापानांतून थेंब ठिबकत होते, थेंबाथेंबांतून ऊन ठिबकत होतं. आंबेखोल गावाच्या माथ्यावरची पाणजाई देवीची राई त्या उजेडात शांत असायला हवी होती. ती शांत नव्हती.

राईतून घरघर येत होती. चढणारी, चिडणारी, दरीवर आपटून परतणारी घरघर. रविवार होता.

राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड जात नाही, तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही, असा गावाचा जुना नेम. नेम करणाऱ्यांना चाकं ठाऊक नव्हती. म्हणून कुऱ्हाडीला मनाई राहिली आणि चाकांना कुणी अडवलं नाही.

रविवार उजाडला की कोल्हापूर, बेळगाव, पणजीकडून रुंद टायरांच्या जीपगाड्या येत. राईतल्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, त्या वर चढत. रुतत, गर्जत, चिखल उधळत, निसटत. आतली माणसं आनंदाने आरडत आणि माखलेल्या तोंडांचे फोटो काढत. घरच्या पायरीवर एवढासा चिखल आला तर हीच माणसं घर डोक्यावर घेत असतील. पण तो घरचा चिखल, हा हौसेचा.

त्यांच्यामागे चाकोऱ्या राहत. खोल, लाल, जोडीजोडीने डोंगर चढत गेलेल्या. उतारावरचं पाणी पूर्वी पाचोळ्यात विसावायचं, मुळांशी रेंगाळायचं, मातीत मुरायचं आणि भर वैशाखात झऱ्यातून थंडगार वर यायचं. आता ते चाकोरीत शिरायचं आणि धावत सुटायचं. जाताना माती घेऊन जायचं. गेल्या उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी उरली होती.

आणि या सगळ्या ताफ्याच्या पुढे असायची एक हिरवी, उघडी जीप. ती दिगंबर गुरवाची. गावाचा दिगू.

दिगूच्या आईला, तारामतीला, त्या घरघरीतून एकच गाडी ऐकू यायची. बाकीचा गदारोळ तिच्या कानांवरून वाहून जाई. ती अंगणात भात वाळत घालत असे, आणि हात भातात, जीव वळणावर. आता मोठ्या जांभळीपाशी. आता दगडाच्या चढावर. आता थांबला. का थांबला? मग इंजिन पुन्हा गुरगुरलं, की तिचे हात पुन्हा हलत.

हा मुलगा तिला एकदा हरवून पुन्हा मिळाला होता. बारावीनंतर तो मुंबईला गेला, कारखान्यात लागला, गणपतीला चार दिवस यायचा आणि पाचव्या दिवशी घर खायला उठायचं. नवरा आधीच गेलेला. एकटीचा स्वयंपाक तिला कधी साधलाच नाही. भात नेहमी उरायचा. मग राईत गाड्या येऊ लागल्या, वाट दाखवणाऱ्या माणसाची गरज पडली, आणि दिगू परत आला. जीपने तिचा मुलगा आणला होता. त्या जीपला नावं ठेवायची कशी?

राईत पाणजाईचं बुटकं देऊळ आहे, आत काळा पाषाण, पाषाणाच्या मागे वरच्या अंगाला झरा. पूजा तिचा दीर भिवा गुरव करायचा. पाणी आणायचं काम तारामतीचं. नवरा गेल्यावरही गावाने तो मान तिच्याकडून काढून घेतला नव्हता. नेम एवढाच, की झऱ्याचं पाणी थेट कलशात यावं. मधे ना हात, ना भांडं, ना वस्त्र. देवीने द्यावं तसं देवीला जावं.

दीड वर्ष तारामती तो नेम मोडत होती.

पाणी लाल यायला लागलं त्या पहिल्या सकाळी ती घाबरली होती. दुसऱ्या सकाळी तिने नवऱ्याचा जुना पंचा आणला, चौपदरी केला, कलशाच्या तोंडावर धरला आणि पाणी गाळलं. कलशात आलं ते पहाटेच्या आभाळासारखं नितळ. पंच्यात राहिली ती माती तिने शेजारच्या करवंदीच्या जाळीत झटकली. नवऱ्याचा पांढरा पंचा हळूहळू गेरूच्या रंगाचा झाला. ती रोज पाणी गाळत राहिली, रोज माती झटकत राहिली, आणि रोज देवीशी खोटं बोलत राहिली.

त्या खोट्यावर मुलगा उभा होता. खालच्या वाडीतले लोक तक्रार घेऊन यायचे, झऱ्यावरून आलेल्या नळाला चिखल येतो म्हणायचे, तेव्हा दिगू हसून म्हणायचा, "पावसात पाणी लाल होताच. वर झऱ्याक काय झाला? माझ्या आवशीन हाडलेला तीर्थ बघा, कसा निवळ आसा!" तो मनापासून बोलायचा. सकाळी तीर्थ घेतल्याशिवाय तो गाडीला हात लावत नसे, आणि त्याच्या तळव्यावरचं तीर्थ खरोखर निवळ असायचं. लोक गप्प बसत. तारामती पदर तोंडाला लावून आत निघून जाई.

पण भांडण विझलं नाही, धुमसत राहिलं. ज्यांच्या ओसरीवर जीपवाले पाहुणे पैसे देऊन जेवत ते म्हणाले, वाट राहू दे. ज्यांच्या हंड्यात गाळ साचत होता ते म्हणाले, वाट बुजवा. शेवटी गावाने ठरवलं ते गाव नेहमी ठरवतं ते: देवीला कौल लावायचा. ओल्या पाषाणावर तगरीचे दोन कळे चिकटवायचे, एक उजवा, एक डावा. उजवा आधी गळला तर वाट बंद. डावा गळला तर वाट उघडी. आणि दिगूने आईला आदल्या दिवशी, जेवताना, मान खाली घालून सांगितलं होतं, "बंद झाली तर माका परत जावचा लागात, आये."

सोमवार. कौलाचा दिवस.

पहाट अजून पुरती फुटली नव्हती. रातकिडे थकले होते, पाखरं जागी व्हायची होती, आणि त्या मधल्या, पोकळ वेळात तारामती झऱ्यापाशी उभी होती. कमरेला कलश, खांद्यावर पंचा. तिचं मन वळचणीच्या पाखरासारखं या वाशावरून त्या वाशावर उडत होतं. गाळावं. न गाळावं. गाळलेलं पाणी देवीपुढे आजही जाईल, दिगूचं म्हणणं आजही खरं ठरेल, आणि कळा कुठलाही गळो, गावाच्या डोळ्यांना पाणी नितळच दिसेल. तिने पंचा कलशावर धरला. पाणी पडू लागलं. पंचा लाल झाला.

माती झटकायला ती करवंदीकडे वळली, आणि उजेड तेवढ्यातच आला.

जाळीच्या मुळाशी तिला ढीग दिसला. रोज मूठमूठ झटकलेल्या मातीचा. ओला, लाल, गुडघ्याएवढा. दीड वर्षात तिने त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचं नसलं की माणूस बरोबर पाहत नाही. ती खाली बसली. तिने त्या मातीत हात घातला. मऊ, साईसारखी मऊ माती. तिच्यात केसाएवढी मुळं, कुजत्या पानांच्या शिरा, एक न रुजलेली बी. ही चिखलाची घाण नव्हती. ही राईची माती होती, देवीच्या झाडांच्या पायांखालची.

डोंगर निघाला होता. कुणाला न सांगता, कणाकणाने, घर सोडून निघाला होता. आणि एक मुलगा घरी राहावा म्हणून ती रोज पहाटे डोंगराची वाटचाल पदराआड झाकत होती. मुलगा मुंबईहून परत येतो. समुद्राला मिळालेला डोंगर परत येत नाही.

ती तिथेच बसून रडली. मोठ्याने रडली, कारण ऐकायला कुणी नव्हतं. मग तिने कलश उपडा केला, गाळलेलं पाणी मातीला दिलं, पंचा करवंदीवर टाकला आणि कलश थेट धारेखाली धरला. मधे ना हात, ना भांडं, ना वस्त्र.

देवळात माणूस मावत नव्हता. गाभाऱ्यात समईचा उजेड, बाहेर धूप, धुपातून तिरकी उन्हं. भिवा गुरवाची नजर अधू झालेली. त्याने कलश घेतला, पाषाणावर ओतला, कळे चिकटवले. गावाच्या वतीने देवीशी बोलायचा मान असलेल्या धोंडू घाड्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बाये पाणजाई, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. राईतली वाट बंद करूची काय उघडी ठेवूची, ता तू सांग. बंद करूची आसात तर उजवी दी, ठेवूची आसात तर डावी दी."

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं.

आणि गाव वाट पाहू लागलं. कळे हलले नाहीत. समई तडतडली. कुणी खोकलं, कुणी पाय बदलला, कुणाचं तान्हं रडून गप्प झालं. उन्हं उंबरठ्यावरून आत आली, पाषाणाच्या पायाशी पोचली. पांढरे कळे जिथल्या तिथे. एरवी देवी इतका वेळ घेत नसे. गाळ वाळत होता, आणि वाळणारा गाळ कळ्यांना घट्ट धरून ठेवत होता, हे त्या गर्दीत तिला एकटीला कळत होतं.

"देवी बोलणा नाय," धोंडू घाडी शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चरकलेला होता. "येत्या सोमवारी परत लावूया. तीर्थ घेवा नि चला."

तीर्थ घ्यायला दिगू सवयीने पुढे झाला. भिवाने पळीभर पाणी त्याच्या तळव्यावर घातलं. दिगूने हात ओठांपाशी नेला, आणि नेता नेता थांबवला.

तळव्यावर पाणी लाल होतं. टायरांच्या खाचांतून तो दर रविवारी काठीने खरवडून काढायचा, तोच रंग. तो पाहत राहिला. मग गर्दीतून त्याने आईला शोधलं.

"आये, ह्या पाणी रोज असाच आसता?"

"रोज."

"मगे माझा तीर्थ?"

"मी गाळतंय. तुझ्या बापाशीच्या पंच्यान."

दिगूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माका कित्याक नाय सांगलंस?"

तारामतीने लाज सोडली. साऱ्या गावासमोर ती म्हणाली, "तू जातलंस म्हणान."

दिगूने हात खाली केला नाही. त्याने ते लाल तीर्थ पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि गर्दीतून बाहेर पडला. थोड्या वेळाने जीपची घरघर उठली. रागावून गेला, लोक म्हणाले. गेलाच शेवटी, तारामतीला वाटलं.

पण तिचे कान सावध झाले. घरघर खाली घाटाकडे गेली नव्हती. ती घरी गेली, थांबली, आणि परत वर येऊ लागली. जड, ओझ्याने वाकलेली. जीप आली ती चिऱ्यांनी भरलेली. तांबड्या जांभ्या दगडाचे ते चिरे त्याने घराशेजारी रचून ठेवले होते, दिवाळीनंतर जीपसाठी शेड बांधायला. झऱ्याखाली, जिथून गाड्या राईत शिरायच्या त्या तोंडावर, त्याने ते एकेक करून उतरवले आणि आडवे लावायला सुरुवात केली.

पहिला थर त्याने एकट्याने लावला. दुसऱ्या थराला खालच्या वाडीचे हात लागले. तिसऱ्याला, मनात कुरकुरत का होईना, ओसरीवर पाहुणे जेवू घालणारेही आले. तारामतीने लहान दगड फटीत भरले. संध्याकाळी वाटेचं तोंड मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाला दोन्ही कळे पाषाणाच्या पायाशी पडलेले दिसले. आधी कुठला पडला, हे पाणजाईने कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर जीप विकली गेली. दिगूला गोव्यात एका कारखान्याची बस चालवायचं काम मिळालं. एसटी वळणाआड जाईपर्यंत तारामती उभी राहिली, आणि घरी येऊन तिने सवयीने दोघांचा भात शिजवला.

मग माघ आला. आंब्यांना मोहोर आला, वाऱ्याला त्याचा कडवट-गोड वास आला. चाकोऱ्यांत पाचोळा साचला, पाचोळ्यात शेवाळ धरलं, शेवाळातून नखाएवढे नेचे वर आले. रविवार येत होते आणि बिनआवाजाचे जात होते. त्या शांततेची तारामतीला सवय होत नव्हती. अजूनही भात वाळत घालताना तिचे हात मधेच थांबत, कान वळणावर जात, आणि तिथे नुसतं रान असे.

एका सकाळी ती झऱ्यापाशी असताना पदरातला मोबाइल वाजला. दिगूने जाताना घेऊन दिलेला. त्याच्या आवाजामागे बसची घरघर होती.

"आये, पाणी कसा आसा?"

"निवळ."

"गाळतस?"

"नाय रे. आता गाळूचा लागणा नाय."

घरघर तेवढी ऐकू येत राहिली, आणि तारामतीच्या डोळ्यांना धार लागली. पाणी परत आलं होतं, मुलगा गेला होता, आणि हे दोन्ही तिने एकाच हाताने केलं होतं. तिने कलश धारेखाली धरला. मोबाइल त्याच्याजवळ नेला. पाणी कलशात पडू लागलं. आधी रिकाम्या तळावर खणखणत, मग भरत, मग भरल्या पोटाने खोल खोल होत.

पलीकडे घरघर तशीच चालू होती. मग दिगूने इंजिन बंद केलं.