गाडग्यांची पंगत

“काऊन ठमाबाई, बसली का सापाईची पंगत?”

देवराव भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. मी आत, लुगडं वर खोचून, एकेका गाडग्यात बोडीतला, गावतळ्यातला मासा टाकत होते. एका गाडग्यात एक साप, वरून टोपली, टोपलीवर दगड. दर शुक्रवारी हेच काम. साप जेवला, पोट फुगलेलं दिसलं, की त्याला परत मोकळं सोडायचं.

“बसली,” मी म्हटलं. “तुमी येता का? एक गाडगं रिकामं हाय.”

देवराव वन्यजीव संस्थेचा व्यवस्थापक. अहेरीच्या वाटेवर संस्थेने ही सर्पबाग बांधली ती माझ्या नवऱ्यामुळे, लटारूमुळे. तो लोकांच्या घरातले साप धरायचा आणि मारायचा नाही. मग ते ठेवायचे कुठे? तो गेला, आणि काम माझ्याकडे आलं. मेहरबानी म्हणून नाही. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून.

कंबरभर गुळगुळीत भिंत, मधे पाण्याचं टाकं, वर मोकळं आभाळ. आत दोन जातींचे साप, दोन्ही बिनविषारी. दिवड जाडजूड आणि तापट. नानेटी बोटाएवढी बारीक, पाठीवर दोन पिवळे पट्टे, स्वभावाने गरीब. एरवी दोघं एकाच दगडाखाली अंगाला अंग लावून पडून असतात. घात होतो तो जेवताना. एक मासा दोघांनी दोन टोकांनी धरला की कोणीच सोडत नाही; सापाचे दात आत वळलेले असतात. मग मोठा गिळत गिळत पुढे सरकतो आणि माशापाठोपाठ धाकट्यालाही गिळून टाकतो. त्यात राग नाही, वैर नाही. तोंड थांबत नाही, एवढंच. हे मला कोणत्या पुस्तकाने सांगितलं नाही. लटारू असताना एक नानेटी आमच्या डोळ्यांदेखत अशी गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभाराकडून गाडगी आणली.

“परवा नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले,” देवराव म्हणाला. “त्याईले साप खाताना पाहाचे हायेत. हे गाडगे उचला. टाक्यात मासे सोडू, सगळे एका जागी खातीन.”

“नाई.”

“नाई म्हंजे?”

“नाई म्हंजे नाई. दिवड नानेटीले गिळन. तिकडची ते नानेटी पाहा, पोटात अंडे हायेत तिच्या. वर्षभर जपलं मी तिले.”

बाजूला दोन मजूर गवत कापत होते. देवरावने त्यांच्याकडे बघून डोळा मारला.

“बाई, तुमी तं बुद्धाचे लोक. सगळे सारखे म्हणता. एका पंगतीत बसाले पाह्यजे म्हणून गावात भांडता. अन इथी सापाईत भेदभाव करता?”

माझ्या अंगाची लाही झाली. याच्याच बापाच्या लग्नात माझ्या सासूला आणि मला कुंपणाबाहेर बसवलं होतं. मी नवी नवरी, तेरा वर्षांची. पळसाच्या पानावर भात वरून टाकला, हात लागू नये म्हणून. निम्मा मातीत पडला. सासूने तो मातीसकट उचलला.

“भाऊ,” मी म्हटलं, “तुमच्या आंगनात आमाले दूर बसवलं, ते काय आमी तुमाले गिळून टाकू म्हणून? इथी गिळते, म्हणून दूर बसवतो. एवढा फरक समजते ना? का तोबी पाहुण्याईलेच विचारू?”

मजुरांना हसू आवरलं नाही. देवराव निघून गेला. माझं बोलणं त्याने सोडून दिलं असतं. ते हसणं मात्र त्याला पचलं नाही.

रविवारी सकाळी गेले, तर गाडगी कोठीत बंद आणि कोठीला कुलूप. दहाला जीपगाडी आली. साहेब, बाया, छत्र्या. देवरावने स्वतः टोपलं उचललं आणि माझ्याकडे बघत सगळे मासे टाक्यात ओतले.

पाणी उसळलं. पाहुणे टाळ्या वाजवू लागले. अंडी पोटात असलेल्या नानेटीने एक मासा शेपटाकडून धरला. त्याचं डोकं मोठ्या दिवडाच्या तोंडात होतं. मी भिंतीवरून आत उडी टाकली. वय साठीचं, पण टाकली. पोहोचले तोवर नानेटीचं डोकं आत गेलं होतं. दिवडाची मान दाबून तिला ओढून काढली. तोंड सुटताच दिवड माझ्या मनगटाला डसला. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, “कमाल आहे हं या मावशींची!” त्यांना वाटलं, हाही खेळच.

नानेटी हातात आली. हलली नाही.

जीप गेल्यावर देवरावने मला कचेरीत बोलावलं. मनगटातून रक्त येतच होतं. टेबलावर कागद तयार होता.

“अंगठा लावा. वर पाठवाचं हाय.”

“वाचून दाखवा.”

“काय वाचाचं त्यात?”

“वाचा म्हटलं ना!”

त्याने वाचलं. ठमाबाईने सर्व साप एकत्र खायला घातले, तिच्या निष्काळजीपणामुळे साप मेला. एवढा खोटा कागद, पण आवाज जरासुद्धा हलला नाही. मग शाईचं पॅड उघडून त्याने माझ्यापुढे धरलं.

“मी दुसरी शिकली, भाऊ. पेन द्या.”

“सही करता? बरं झालं.”

कचेरीत खुर्ची एकच, त्याची. मी तीत बसले. त्याच्या लिखाणाखाली जागा होती. तिथे एकेक अक्षर जोडत लिहायला लागले : मासे देवरावने टाकले. मी नाही म्हटलं होतं. ‘म्हटलं’ लिहायला फार वेळ लागला. देवराव वाकून वाचत होता. पॅड त्याच्या हातात उघडंच राहिलं.

“उद्यापासून येऊ नका,” तो म्हणाला.

शुक्रवारी त्याईले कोन खाऊ घालन, हे ओठांवर आलं होतं. 

“थांबा जरा,” मी म्हटलं. “नाव राह्यलं माझं.”

ठमाबाई लटारू रामटेके. ते पूर्ण होईपर्यंत मी मान वर केली नाही, आणि तो उभाच होता.