शिव्यांच्या कादंबरीवर सभा

ऑर्फा चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती आणि तिच्या घरात ‘गाढव’ हा शब्दसुद्धा फक्त गाढवालाच वापरत. त्यामुळे लेकीच्या शाळेतली कादंबरी तिनं सहज चाळली, तेव्हा तिला घेरीच यायची बाकी राहिली. गोष्ट होती दुष्काळानं देशोधडीला लागून कॅलिफोर्नियात द्राक्षं न् पीच तोडायला आलेल्या मजुरांची; पण पानोपानी शिव्या!

तिची तक्रार कानावर येताच द्राक्षबागायतदार हास्केट आपणहून घरी आला. “बाई, हे पुस्तक शाळेतून काढायला तुम्ही पुढे व्हा. अख्खं गाव तुमच्या पाठीशी आहे.” एवढा बडा माणूस आपल्या ओट्यावर बसून आपला केक खातोय, याचंच ऑर्फाला अप्रूप वाटलं.

सभेच्या दिवशी शाळेचा हॉल गच्च भरला. ऑर्फाची म्हातारी आई ल्युटी पहिल्या रांगेत, कानामागे हात धरून बसली होती.

सभेचे अध्यक्ष म्हणाले, “आक्षेपार्ह मजकूर वाचून दाखवा.”

ऑर्फा वाचू लागली. शिवी आली की ती खाली मान घालून ‘अमुक’ म्हणे. “मुकादम म्हणाला, अरे अमुकच्या, तमुक कुठला...”

“कोण अमुक?” ल्युटी ओरडली. “मोठ्यानं वाच ना गं!”

“आई, शिवी आहे ती.”

“कुठली?”

ऑर्फानं वाकून आईच्या कानात सांगितली.

“एवढीच?” ल्युटी भर सभेत म्हणाली. “आम्ही पीच तोडायचो तेव्हा आमचा मुकादम याच्या दुप्पट द्यायचा. तेही सकाळी, चहाच्या आधी!”

हॉल खो खो हसला. लाजेनं लाल झालेली ऑर्फा घाईघाईनं पुढे वाचत सुटली आणि शिव्या संपल्या तरी थांबायचं तिला सुचेना. मुकादमानं गरजेपेक्षा दुप्पट माणसं बोलावली होती, मजुरी निम्मी केली होती. कुणीतरी तापानं फणफणलेलं पोर घेऊन झाडाखाली बसलं होतं. हसू हळूहळू विरलं.

“हे असंच झालं होतं,” ल्युटी म्हणाली. “तुझा थोरला भाऊ तापानं गेला तेव्हा.”

ऑर्फाला थोरला भाऊ होता, हे ती प्रथमच ऐकत होती.

“धादांत खोटं!” हास्केट उसळला. “आमच्या वाडवडिलांनी या लोकांना पोसलं! बागायतदारांची बदनामी करणारं पुस्तक आहे हे!”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “हास्केटसाहेब, तक्रार शिव्यांची होती ना?”

“शिव्या गेल्या खड्ड्यात!” हास्केट म्हणाला, आणि पुढे जे म्हणाला ते कादंबरीतही नव्हतं.

हात वर करून मतं घेतली, आणि एका मताच्या फरकानं पुस्तक शाळेत राहिलं. ऑर्फानं मात्र शिव्यांविरुद्धच हात वर केला होता. पटत नाही ते नाही. पण हास्केट दारात “पुढच्या वेळी बघून घेऊ, बाई,” म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा. केकसुद्धा घरूनच खाऊन या.”

मग तिनं आईला गाडीत बसवलं. गाडी काही सुरू केली नाही.

“त्याचं नाव काय होतं गं?” तिनं विचारलं.

“अर्विल,” ल्युटी म्हणाली. “नाक तुझ्यासारखंच होतं मेल्याचं.” आणि ती सांगू लागली.