गोल वाफा

सईदाची शिलाई मशीन खिडकीला लागून होती आणि अख्ख्या घरातली तीच सगळ्यात वाईट जागा होती. उजेड चांगला येतो म्हणून अकरमनंच ती तिथं मांडून दिली होती. पण मान वर केली की समोर सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, आणि परसाच्या मधोमध तो मोकळा तुकडा. ऑइल गळून गळून तिथली माती काळी पडलेली. अकरमची पिकअप तिथं उभी राहायची. आता तिथं काहीच उभं राहत नव्हतं आणि दुसरं काही आणून ठेवायची कुणाची छातीही नव्हती.

अकरम तिचा नवरा. धानोऱ्याकडून हिरडा, बेहडा, मोहफूल गाडीत भरून चामोर्शीला आणायचा आणि व्यापाऱ्याकडे उतरवायचा. दोन पावसाळ्यांमागं तो असाच परत येत होता आणि एका रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, नाल्याचं पाणी वाहत होतं. मागच्या ट्रकवाल्यानं ओरडून सांगितलं, थांब. अकरम थांबणाऱ्यातला नव्हता. गाडी बरीच खाली सापडली, झाडाला अडकलेली. अकरम सापडला नाही. पोलिसांनी शोधलं, मासे धरणाऱ्या ढिवरांनी डोंगे घालून शोधलं, लोक काठाकाठानं पार वैनगंगेपर्यंत जाऊन आले.

माणूस मेलं की घरात रडारड होते, चार लोक येऊन बसतात, माती होते, आणि मग हळूहळू का होईना चूल पेटते. सईदाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. कारण तिचा सासरा नूर मोहम्मद यानं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ऐकवून टाकलं होतं, "मय्यत कुठी आहे? दाखवा मले. नाई ना? मंग माहा पोरगा जिंदा आहे."

मशिदीतले वडीलधारे समजवायला आले, तर त्यांना त्यानं साधा चहा विचारला नाही. सईदानं ओढणी तोंडाशी नेली की तो ओसरीवरून विचारायचा, "काऊन रडून राह्यली? कोन मेलं?" आता याचं काय उत्तर द्यायचं? बिचारी डोळे पुसायची आणि कुणाच्या तरी ब्लाऊजला हूक लावत बसायची. हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या नाहीत, फुटल्या तर नवीन भरायला मन होत नाही. ती धड सुहागन नव्हती, धड बेवाही नव्हती. हेकटपणाची स्पर्धा लागली असती तर नूर मोहम्मद तालुक्यात पहिला आला असता. पण त्याच्या हेकटपणाची किंमत मोजत होती सून.

म्हातारा टिनकाम करायचा. लग्नातल्या पेट्या, धानाच्या कोठ्या, गळक्या बादल्यांना बूड. आणि आणखी एक काम त्याच्याकडं होतं, त्याचा एक पैसा तो घेत नसे. मोहल्ल्यात कुणी गेलं की कबर खोदायला पहिलं बोलावणं नूर मोहम्मदला. ना टेप ना दोरी, नुसत्या नजरेनं तो अशी सरळ कड काढायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. बापाची कबर त्यानं खोदली, बायकोची खोदली. अकरम गेल्यापासून मात्र तो कुणाच्याच मातीला गेला नव्हता. बोलावणं आलं की कंबर धरली म्हणायचा आणि मग दुपारभर पत्रा असा बडवायचा की शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप हराम.

वाफ्याचं खूळ आलं ते अरीबाच्या मोबाइलमधून. अरीबा सईदाची लेक, अकरावीत शिकणारी. तिनं एक दिवस मशीनवर मोबाइल धरला. विटांनी आखलेला गोल वाफा, चाकाला आरे असावेत तशा आत विटांच्या ओळी, आणि प्रत्येक खणात वेगळी वासाची वनस्पती. एकात पुदिना, एकात ओवा, कडेनं मरवा.

"अम्मी, पिझ्झासारखा आहे ना?"

सईदाला पिझ्झा दिसला नाही. तिला घेरदार घागरा दिसला, कळ्याकळ्यांचा. तिनं तिथंच वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा घातली, कात्री फिरवली आणि उलगडून दाखवली. गोल, आणि आत आठ कळ्या. अरीबानं टाळ्या वाजवल्या. खूप दिवसांनी त्या घरात कुणी टाळ्या वाजवल्या असतील.

वाफा करायचा तर त्या काळ्या जागीच, हे सईदानं मनात पक्कं केलं. ऊन तिथं छान पडतं, असं ती स्वतःला सांगत होती. शुद्ध लबाडी. ऊन हातपंपाशीही पडायचं. तिला ती जागा डोळ्यांआड करायची होती. एकदा ती काळी माती झाकली गेली, तिथं हिरवं काही डोलू लागलं, की आपल्यालाही एकदा पोटभर रडता येईल, असं तिला वाटत होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सासऱ्याला विचारायला तिनं दुपारची वेळ धरली. तो पत्र्याची कड वळवत होता.

"अब्बा, मागं वाफा कराचा म्हनते. गाडीच्या जागेवर."

हातोडी थांबली नाही. दोन-चार ठोके मारून झाल्यावर त्यानं विचारलं, "गाडी आली मंग कुठी लावन थो?"

याची तयारी सईदानं करून ठेवली होती. "समोर लावतीन ना ते. रोडच्या बाजूनं."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. आपण खोटं बोलतोय हे त्याला कळलं, असं तिला वाटलं आणि तिचे कान तापले. "लाव मंग," तो म्हणाला. ती वळली तेवढ्यात त्यानं मागून सांगितलं, "सब्जा नाई लावाचा. समजलं?"

समजलं होतंच. सब्जा तुळशीच्याच जातीचा, जांभळट तुऱ्याचा, वासाला गोड. बी सरबतात घालायला सगळ्यांना चालतं, पण त्यांच्या मोहल्ल्यात रोप लावायचं ते कबरीवर. सईदाच्या सासूच्या उशाशी नूर मोहम्मदनंच लावलेला होता आणि तो दरवर्षी आपोआप उगवायचा.

शेजारच्या इंदुताईला बातमी लागायला वेळ लागला नाही. धानाची शेती करणारी, आवाजानं खणखणीत बाई. दुसऱ्या दिवशी ती घमेलं भरून रोपं घेऊन आली. पुदिन्याच्या मुळ्या, ओवा, मरवा, गवती चहाचं ठोंब, आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आणखी एक रोप.

"हे पन ठेव व सईदा, सब्जा आहे. मस्त वास येते."

"अब्बा नाई म्हनतेत, बाई."

इंदुताईच्या लक्षात आलं आणि तिचा तो खणखणीत आवाज एकदम बसला. "माहं डोस्कं पाय कसं आहे," ती पुटपुटली. पण मुळासकट उपटून आणलेलं रोप फेकायचं कसं? सईदानं ते हातपंपामागच्या फुटक्या बादलीत माती टाकून खोचून दिलं. तिकडं कोण बघतंय, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिनं आखणी केली. मधोमध खिळा ठोकला, त्याला मशीनचा दुहेरी दोरा बांधला आणि दुसऱ्या टोकाला चुन्याची पुडी धरून गोल फिरली. मग कागदाचा नमुना पुढ्यात ठेवून एकेक कळी आखली. पुदिना सावलीच्या बाजूला, तो पसरतो म्हणून त्याला विटेचा बांध. गवती चहा मागं, उंच होतो म्हणून. पुढच्या दोन कळ्यांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, नुसती शोभेला नाही तर वरणावर टाकायलाही. मरवा अशा जागी की खिडकीतून वास यावा. विटा तिरप्या रोवून बाहेरून कंगोरे करायचे. ती मागं सरकून बघत उभी राहिली. चुन्याचा तो घागरा काळ्या मातीवर इतका सुंदर उठला होता की तिला हसू आलं. लगेच हसल्याची लाजही वाटली. नवरा पाण्यात गेलेल्या बाईनं असं हसू नये, असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की या घरात नवरा पाण्यात गेलेलाच नाही.

सकाळी कुदळ मारली तर जमीन दगडासारखी. गाडीच्या चाकांनी वर्षानुवर्षं दाबलेली. तिच्या तळहाताला फोड आले तरी वीतभरही खोदून झालं नाही. ओसरीवरून नूर मोहम्मद पाहत होता. तो उठून आला.

"ठेव. तुह्यानं होत नाई. मी खोदून देतो. तू बाजार करून ये."

तिनं चमकून पाहिलं. दोन वर्षं त्या माणसानं कुदळीला हात लावला नव्हता. पण बोलली असती तर त्यानं कुदळ टाकून दिली असती, म्हणून ती गुपचूप पिशवी घेऊन निघाली.

आठवडी बाजार भरला होता. तिनं सांबाराचं बी घेतलं, वांगी घेतली, अरीबासाठी चिवडा घेतला. बांगड्यावालीनं नेहमीसारखी हाक मारली, "भरून देऊ का, ताई?" नेहमीसारखीच सईदा मान खाली घालून पुढं गेली. पण आज चालताना तिच्या डोळ्यांपुढं वाफा होता. थंडीच्या तोंडाशी पुदिना धरेल, मरवा धरेल, असं काहीबाही मनात चाललं होतं.

घरी येऊन ती थेट मागच्या दारात गेली आणि पिशवी तिच्या हातात तशीच राहिली.

गोल नव्हता. चुन्याच्या रेघेचे नुसते दोन तुकडे कडेला उरले होते. मधोमध एक लांबट खड्डा होता, गुडघ्याएवढा खोल, कडा अशा सरळ की जणू कात्रीनं कापल्या आहेत. खोदलेली माती एका बाजूला नीट लावलेली. नूर मोहम्मद काठावर बसला होता, पाय आत सोडून.

"अब्बा! गोल सांगितला होता ना मी! आखून ठेवला होता!" ती संतापून ओरडली. या घरात सासऱ्यावर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. "एक गोष्ट मागितली तुमाले. एक!"

त्यानं खड्ड्याच्या सरळ कडेवरून हात फिरवला. आणि त्या हाताकडं बघतानाच तिला ते दिसलं. खड्डा उत्तर-दक्षिण होता. एका माणसाच्या लांबीचा, एका माणसाच्या रुंदीचा. त्यांच्यातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. तिनं आजवर कबर पाहिली होती ती रस्त्यानं जाताना, भिंतीवरून. पण ओळखायला तेवढं पुरे होतं.

"गोलच कराले घेतला होता, बेटा," नूर मोहम्मद म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "हात वळलाच नाई. जिंदगीभर यानं एकच खोदलं. मले वाटलं, हे एवढी बाजू सरळ करतो, मंग गोल करतो. अर्धं खोदून झालं तवा समजलं, मी कोनासाठी खोदून राह्यलो थे."

सईदानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"थो नाई येत आता," तो म्हणाला.

हेच वाक्य ऐकायला तिनं दोन वर्षं काढली होती. हा एकदा कबूल झाला की आपण मोकळ्या झालो, छाती फुटेस्तोवर रडू, असं तिनं रोज मशीनवर बसून मनात घोळवलं होतं. आणि आता तिला रडू आलं नाही. तिला भीती वाटली. सगळं गाव नाही म्हणत असताना येईल म्हणणारा हा एकच माणूस होता. ती त्याच्या हट्टावर चिडत आली, रात्री तळमळत आली, पण त्या हट्टाला टेकूनच तर बसली होती. आता तिनं कशाला टेकायचं?

नूर मोहम्मद गुडघ्यांवर हात देऊन उठला, हातपंपामागं गेला आणि फुटक्या बादलीतला सब्जा घेऊन आला. म्हणजे त्यानं पाहिला होता.

"हे कबर नाई," तो म्हणाला. "हाडूक नाई तं कबर कायची? मौलानाले विचारलं तं रागावतीन. वाफाच आहे. लोकाइले वाफाच दिसन. पुदिना लाव, सांबार लाव, तुले पाहिजे थे लाव. पन त्याले कोनीच माती नाई देली. आपुन देऊन घेऊ. तुह्या सासूच्या वक्ती तूही घरीच होती. इथी कोन पाहून राह्यलं? तीन मुठी. दे."

त्यानं आधी स्वतः दिल्या. तिन्ही वेळा त्याचे ओठ हलले. मग तो बाजूला झाला.

सईदा खाली बसली. पहिली मूठ टाकली. माती खड्ड्यात पडल्याचा आवाज अगदी बारीक होता. दुसरी टाकली. तिसरी उचलली, हात पुढं केला, आणि तो उघडेना. ती मुठीकडं बघत राहिली. बोटांतल्या काळ्या मातीला अजून ऑइलचा वास येत होता.

"अब्बा," ती म्हणाली, "गोलच करू ना. हे बुजवून टाकू. सकाळी मी पुन्हा आखून देते."

"सईदा."

"गाडी समोर लावतीन ना ते. मी बोलली होती ना तुमाले? समोर लावतीन, रोडच्या बाजूनं. जागा आहे तिथी. पाह्यलं मी."

म्हाताऱ्यानं एवढ्या दिवसांत तिला नको ते हजारदा विचारलं होतं. आज त्यानं काहीच विचारलं नाही. तो खड्ड्याच्या उत्तरेच्या टोकाशी, उशाच्या बाजूला बसला, हातानंच माती लोटली, सब्जाचं रोप उभं धरलं आणि बुडाशी अंगठ्यांनी दाबलं. रोप थोडं कललं. त्यानं ते सरळ केलं. मग वर न बघता म्हणाला, "पानी आन, बेटा. सुकून जाईन."

ती उठली. पाण्याची बादली हातपंपाच्या तोंडाला अडकवली आणि डाव्या हातानं दांडा धरला. त्या हातातल्या जुन्या हिरव्या बांगड्या दर झटक्याला दांड्यावर आपटत होत्या. बादली भरली, भरून वाहू लागली, पाणी पायांखालून खड्ड्याकडं निघालं, तरी ती पंप मारतच राहिली. उजवी मूठ तशीच मिटलेली होती.