गोळा मशीनमध्ये पडेपर्यंत

“अहो, दोन्ही हात लावा की! एका हाताने का माणूस उचलतात?” मी नवऱ्यावर खेकसले.

सासूबाई पलंगावर तोंड उघडून श्वास ओढत होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळे पडले होते. मागच्या वेळी दम लागला तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर इथे आणू नका, थेट चेन्नई गाठा, ऑक्सिजन तिथेच मिळेल. आणि आमचं हे जंक्शन नावालाच जंक्शन! मीटरगेजचे दोन फाटे, दोन फलाट, दिवसाला सहा गाड्या. डांबरी रस्ता तीन मैलांवर. सकाळची चेन्नई पॅसेंजर मात्र फलाटावर उभी होती. दोन तासांत चेन्नईचं एग्मोर स्टेशन. काय ती आशा तेवढीच.

आमचे हे, अशोक कुडाळकर, इथले स्टेशन मास्तर. त्यांनी डोक्याकडची गोधडी धरली, सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन नारायणस्वामीने पायाकडची. तशाच झोळीत सासूबाईंना शेवटच्या डब्यात, गार्डच्या जागेत नेऊन निजवलं. गार्ड भला माणूस. म्हणाला, “एग्मोरला स्ट्रेचर सांगून ठेवतो, अम्मा. घाबरू नका.”

“सार, टोकन काढा. लगेच सोडू गाडी,” नारायणस्वामी म्हणाला.

ह्यांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. दोन्ही रिकामे.

आमच्याकडे रूळ एकेरी. टोकन म्हणजे एक लोखंडी गोळा, समोरून येणारी गाडी तो घेऊन येते. तो गोळा मास्तरांच्या खोलीतल्या मशीनमध्ये टाकला, की मगच दुसरा गोळा निघतो, इथून किंवा पलीकडच्या स्टेशनातून, आणि तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. चेन्नईकडून आत्ताच आलेल्या गाडीचा गोळा ह्यांनी पिशवीतून काढला, मशीनकडे निघाले, आणि तेवढ्यात माझी हाक ऐकली. गोळा हातात घेऊनच ते घरी पळत आले होते. पुढे तो कुठे ठेवला, ते काही केल्या आठवेना.

क्वार्टर ते फलाट, उणीपुरी तीस पावलं. नारायणस्वामीने गवत उपसलं, मी पलंगाखाली आडवी झाले, मोरी पाहिली, तांदळाच्या डब्यामागे पाहिलं. तांदळाच्या डब्यामागे कशाला जाईल तो? पण माणसाची अक्कल अशा वेळी गुडघ्यात जाते.

“शोधत काय बसलात? हरवला म्हणून कळवा! कागदावर परवानगी मिळते ना?”

“दोनच मिनिटं, जयवंती. इथेच असणार गं. टोकन हरवलं म्हटलं की नोकरीवर येतं.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत ह्यांच्या नावावर साधा शेरा नव्हता. ते मला कळत होतं. तरी त्या दोन मिनिटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दोनाची दहा झाली, मग ह्यांनी फोन उचलला. पुढच्या स्टेशनावर रामस्वामी मास्तर होते.

“टोकन हरवलंय,” हे म्हणाले. “माझ्या हातून हरवलं. पेपर लाइन क्लिअर द्या.”

मग सुरू झालं लिहिणं. निरोप इकडून तिकडे, तिकडून इकडे, नंबर, वेळ, सही, पुन्हा वाचून दाखवा. आणि ह्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुबक येत होतं. त्या अक्षराचीसुद्धा मला चीड आली.

इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला. “सार, गोळा तुमच्याकडेच कुठेतरी आहे. म्हणजे समोरून कुणी येणारच नाही. तुम्ही फक्त हिरवा दाखवा, मी नेतो.”

खरंच होतं त्याचं. मी हात जोडले. “अहो, ऐका त्याचं! आई आहे तुमची!”

हे वर न बघता म्हणाले, “परक्याची आई असती तर मी सोडली असती का? नसती सोडली. मग माझी म्हणून कशी सोडू?”

“चुलीत घाला तुमचा नियम!” मी म्हटलं आणि पळत गाडीकडे गेले.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. “पाठीत... टोचतंय गं,” एवढंच कसंबसं म्हणाल्या.

“निघतेच आहे हं गाडी, आत्या. निघालीच बघा.” मी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवत राहिले. वाटलं, दम्याची कळ असेल. गोधडी उलगडून बघायचं सुचलं नाही. मेलीला सुचलं नाही मला!

हळूहळू त्यांची पकड सैल झाली. मी हाका मारत राहिले. गार्डने नाडी पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली.

हे कागद फडकावत पळत आले तेव्हा गाडी उभी राहून चौतीस मिनिटं झाली होती. दारातच थांबले. गार्डच्या हातातली टोपी पाहिली. आत आले, आईला नीट सरळ निजवायला म्हणून त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातला, आणि गोधडीच्या वळकटीतून गोळा खण्णकन डब्याच्या फळ्यांवर पडला.

गोळा गाडीतच होता. सगळा वेळ. दोन्ही हात लावा म्हणून मीच ओरडले होते.

सासूबाईंना फलाटावरच्या बाकावर उतरवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. गाडीत चारशे माणसं होती, त्यांना कामाला जायचं होतं. हे गोळा घेऊन खोलीत गेले, रामस्वामींना फोन करून कागद रद्द केला. मशीनमध्ये तो पडल्याचा आवाज आला, घंटी वाजली. नवा गोळा घेऊन स्वतः इंजिनापर्यंत चालत गेले आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

हिरवं निशाण धरून शेवटचा डबा जाईपर्यंत हे ताठ उभे राहिले. मग निशाण गुंडाळून बाकाशी आले, खालीच फरशीवर बसले, आणि आईचे पाय धरून मला विचारलं, “तिला टोचलं असेल का गं?”

“नाही हो,” मी म्हटलं. “त्यांना कळलंसुद्धा नाही.”