दोनदा टकटक

सांतोच्या अंगणात रोज पहाटे पहिली सेवा व्हायची ती कापितानची. कापितान म्हणजे त्याचा झुंजीचा कोंबडा. अंगभर ठिपके, ताठ मान, आणि मालकाच्या दुप्पट गर्व. सांतो त्याला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसायचा, पाय चोळायचा, एकेक दाणा निवडून मका भरवायचा. "पोरं खोकली तर आल्याचं पाणी, आणि ह्या राजाला ताकदीच्या गोळ्या," असं त्याची बायको एस्तर येता-जाता म्हणायची. तिचं काही खोटं नव्हतं, म्हणून सांतो मान खाली घालून आणखी जोरात पाय चोळायचा.

नवरा-बायकोच्या डोक्याला खरा घोर होता तो मुलीचा. जोनालिन नऊ वर्षांची, तिसरीत. अक्षरं सगळी येत होती, फळ्यावरचं उतरवून घेई ते मोत्यासारखं. पण मोठ्याने वाच म्हटलं की एक शब्द, मग थांबा. दुसरा शब्द, मग थांबा. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कशाची होती ते विसरलेलं. त्यात वर्गात कुणी नुसतं खाकरलं तरी तोंडाला कुलूप.

वर्षाच्या शेवटी मोठ्या बेटावरच्या कार्यालयातून तपासनीस येणार होती. प्रत्येक मुलासमोर एक नवा उतारा ठेवायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट वाचून घ्यायचं. साठ शब्द झाले नाहीत तर पुन्हा तिसरी. आणि पुढच्या वर्षी जोनालिनचा धाकटा भाऊ रेमार तिसरीत येणार होता. "त्याच्या बाकावर मी बसणार नाही," जोनालिनने आईला सांगून टाकलं होतं. "मी मावशीबरोबर मासळी वाळवायला जाईन." ती रडून-ओरडून बोलली असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. ती भाताची ताटली पुसता पुसता बोलली, म्हणून एस्तरने ते मनावर घेतलं.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर शाळेच्या डागडुजीसाठी पालकांना बोलावलं होतं. सांतो एका बाकाचा मोडका पाय ठोकत होता. तिथे लुमेनबाई येऊन उभ्या राहिल्या. बाई सत्तावन्न वर्षांच्या, अंगाने चिमणीएवढ्या. पण बेटावरचा एकही मासेमार त्यांच्यासमोर विडी ओढायचा नाही.

"सांतो, रोज पंधरा मिनिटं पोरीशेजारी बसून तिच्याबरोबर मोठ्याने वाचायचं. तिचं बोट ओळीवर, आणि दोघांचा आवाज एकदम. जमेल?"

सांतोने खिळा आत गेला होता तरी त्याच्यावर आणखी दोन घाव घातले. "बाई, माझे डोळे हल्ली बरे नाहीत. आणि कापितान आहे ना. समुद्रापलीकडे कालाओच्या जत्रेत झुंजीला उतरवायचाय. पहाटे त्याच्यातून हलता येत नाही."

डोळे उत्तम होते. वाळूच्या भाटाच्या पलीकडून कुणाच्या कोंबड्याचा पाय लचकलाय ते त्याला दिसायचं. खरी गोष्ट अशी की सांतोने शाळा सोडली ती दुसरीत, आणि सोडली ती ह्याच बाईंच्या वर्गातून. बाईंचं ते पहिलंच वर्ष होतं. त्या हातात घड्याळ घेऊन मुलांना उभं करायच्या आणि वाचायला लावायच्या. सांतो तिसऱ्या शब्दावर अडकला, सगळा वर्ग खो-खो हसला, आणि दुसऱ्या दिवशी तो मामाच्या होडीत बसून जो गेला तो परत आलाच नाही. आता त्रेचाळिसाव्या वर्षीही माशाचे काटे काढावेत तसा तो एकेक अक्षर वेगळं काढायचा, आणि तेही कुणी बघत नसताना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गावाला वाटायचं, डोळे गेलेत बिचाऱ्याचे.

बाईंना काय वाटायचं ते बाईंनी दाखवलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "मग तिला कोंबड्यालाच वाचून दाखवू दे. तो हसत नाही, मध्येच चुकाही काढत नाही. तू नुसता शेजारी बस. नुसतं बसायला जमेल ना?"

"कोंबड्याला?"

"एवढा हुशार आहे म्हणून गावभर सांगत फिरतोस. मग ऐकेल की."

दुसऱ्या पहाटेपासून अंगणात हा नवा उद्योग सुरू झाला. सांतोच्या मांडीवर कापितान, समोर पाटावर जोनालिन, तिच्या हातात बाईंनी दिलेला कागद. घर बदलायला निघालेल्या एका ऑक्टोपसची गोष्ट होती. जिथे श्वास घ्यायचा तिथे बाईंनी पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारल्या होत्या. एकच परिच्छेद तीनदा वाचायचा, जास्त नाही. पहिल्यांदा पोरगी चिखलातून चालल्यासारखी वाचायची. दुसऱ्यांदा पाय जरा मोकळे व्हायचे. तिसऱ्यांदा ऑक्टोपसचा जाडा आवाज काढायची, आणि कापितान मान वाकडी करून एका डोळ्याने तिच्याकडे बघायचा. सांतो त्याचे पाय चोळत राहायचा. चोळता चोळता आपले ओठही हलताहेत, हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही.

कुंपणापलीकडून शेजारचा बेर्तिंग आपला कोंबडा काखेत मारून हजर व्हायचा. "काय पारे, दोस्ता, कोंबड्याला डॉक्टर करतोस का वकील?"

"तुझ्यापेक्षा जास्त शिकेल, एवढं नक्की," सांतो म्हणायचा.

महिनाभराने शाळेची खिडकी निखळली म्हणून सांतोला पुन्हा बोलावणं आलं. खिडकीचं काम तासाभराचं होतं, त्याने त्यात अख्खी सकाळ घातली. कारण आत बाई शिकवत होत्या.

बाई एका मुलाशेजारी बाकावर टेकल्या. दोघांनी एकदम वाचायला सुरुवात केली. बाईंचा आवाज आधी मोठा, मग त्या पोराच्या बरोबरीचा, मग जरासा मागे. पोरगं तालात आलं तसं त्याने बोटाने बाकावर दोनदा टकटक केली. बाई शब्दाच्या मधेच गप्प झाल्या आणि पोरगं एकटं पुढे निघालं. चारपाच ओळींवर ते अडखळलं, तशा बाई काही न बोलता पुन्हा त्याच्या आवाजाला येऊन मिळाल्या. ओरडा नाही, 'चूक' म्हणणं नाही. पोरगं दमतंय असं दिसायच्या आत कागद मिटला आणि बाई पुढच्या बाकावर गेल्या. पस्तीस मुलं, पण कुणाला ऐकू येत नव्हतं की शेजारच्याचं अडलं कुठे, कारण सगळी जोडीजोडीने आपापलं वाचत होती.

सांतो पटाशी हातात धरून बघतच राहिला. त्याला ही विद्या ओळखीची होती. कोवळ्या कोंबड्याला पहिल्याच दिवशी जुन्या मुरलेल्या कोंबड्यासमोर टाकत नाहीत. रोज थोडं खेळवायचं, जिंकत असतानाच उचलून घ्यायचं, पोटाखाली हात ठेवायचा आणि तो हात रोज तसूभर कमी करायचा. बेटावर कोंबडा तयार करणारा सांतोसारखा दुसरा नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. त्या सकाळी त्याला कबूल करावं लागलं की ही बाई आपल्यापेक्षा वरचढ आहे. आपल्याला एका वेळी एक सांभाळायचा असतो, हिला पस्तीस.

मग बाई जोनालिनपाशी आल्या. दोघी वाचू लागल्या आणि पोरगी अशी सरसर चालली की सांतोचा ऊर भरून आला. बाईंनी आवाज बारीक केला. जोनालिनचाही बारीक झाला. बाई थांबल्या, तीही थांबली. तिचं बोट बाकाला लागलंच नाही.

घरी जाताना त्याने विचारलं, "इंदाय, पोरी, टकटक का नाही करत गं?"

"केली की बाई गप्प होतात."

"मग?"

"मग मी एकटीच उरते."

सांतोने दुसऱ्या दिवशी बाईंना रस्त्यात गाठलं. "बाई, तिला सांगा ना ठोकायला."

"मी सांगितल्यावर ठोकलं तर ती टकटक माझी झाली," बाई म्हणाल्या. "तिची नाही. थांबायचं, सांतो. मला एकदा थांबता आलं नव्हतं." आणि छत्री उघडून त्या चालू लागल्या.

तपासणी शुक्रवारी होती आणि कालाओच्या जत्रेची झुंज त्याआधी बुधवारी. बुधवारी सकाळी सांतो वेताच्या खोक्यात कापितानला घेऊन धक्क्यावर उभा राहिला. दोन वर्षं ह्या दिवसासाठी त्याने झोप मोडली होती. बेर्तिंगही आपला कोंबडा घेऊन आला होता. मोठ्या बेटाकडून होडी लागली आणि तिच्यातून निळ्या पोलक्यातली एक बाई उतरली. खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीला लावलेलं घड्याळ.

"शुक्रवारी समुद्र खवळणार म्हणे," होडीवाला म्हणाला. "म्हणून मॅडम आजच आल्या."

सांतोचा एक पाय फळीवर होता. तो तसाच राहिला.

"चल ना पारे!" बेर्तिंग आतून ओरडला. "तिथे जाऊन काय करणार तू? पोरीच्या वाटचं वाचणार आहेस?"

वर्मी लागलं. पण सांतोने पाय मागे घेतला. "नाही. नुसता बसणार आहे. बाईंनी सांगितलंय."

होडी गेली. झुंजीसाठी घासूनपुसून लखलखीत केलेला कोंबडा घेऊन गडी शाळेकडे धावला.

आत बसायची परवानगी नव्हती, म्हणून तो त्या नव्याने बसवलेल्या खिडकीपाशी उभा राहिला. खोकं ठेवून त्याने कापितानला काखेत घेतलं. तपासनिसासमोर एकेक मूल जात होतं. लुमेनबाई भिंतीशी उभ्या होत्या, हात पाठीमागे. त्यांना आज तोंड उघडायची मनाई होती. जोनालिनचं नाव पुकारलं गेलं.

"कर सुरू," तपासनीस म्हणाली आणि तिने घड्याळाची कळ दाबली.

जोनालिन कागदाकडे बघत बसली. उतारा नवा होता आणि त्यावर बाईंच्या रेघा नव्हत्या. पाच सेकंद गेले, दहा गेले. सांतोचा जीव टांगणीला लागला. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले होते, ते त्यांनी दातांखाली दाबून मिटले. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत पिळली जात होती. ती बोटं सांतोला कळली. रिंगणात कोंबडा सोडला की हात लावायचा नसतो, आणि त्याइतकं अवघड दुसरं काही नसतं. त्याने कापितानला इतकं घट्ट आवळलं की तो कुरकुरला.

जोनालिनने मान वर केली. बाप दिसला, कोंबडा दिसला. तिने मान खाली घातली, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने टेबलावर टकटक केली. दोनदा.

तपासनीस दाराकडे वळली. "या, आत या!"

सगळा वर्ग फिसकन हसला. नेमकं तेच हसणं, ज्याने आजवर तिचं तोंड बंद केलं होतं. सांतोच्या कानशिलांत रक्त चढलं. आणि त्या हसण्याच्या वर एक आवाज निघाला. जोनालिन वाचत होती. जिथे श्वास घ्यायचा तिथे घेत होती, रेघांवाचून. कुणीतरी बोलतंय असं वाटावं तसं ती वाचत होती. एका जागी अडखळली, मागे आली, शब्द नीट धरला आणि पुढे गेली. एक मिनिट झालं, घड्याळाची कळ दाबली गेली, तरी ती थांबेना. गोष्टीतल्या म्हाताऱ्याची होडी किनाऱ्याला लागायची राहिली होती. तपासनीसही भली. तिने ती लागू दिली.

"अठ्ठ्याहत्तर," ती कागदावर आकडा लिहीत म्हणाली.

लुमेनबाई फळ्याकडे वळल्या आणि मघाशीच स्वच्छ पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागल्या.

शाळा सुटल्यावर त्या शाळेच्या अंगणात सांतोपाशी आल्या. "झुंज बुडाली ना तुझी?"

"बुडाली," सांतो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "बाई, तुम्ही काय तयार करता हो पोरं! आम्ही आपले नुसते कोंबडे चोळतो."

बाई हसल्या नाहीत. "सांतो, त्या वर्षी माझ्या हातात घड्याळ होतं आणि डोक्यात काही नव्हतं. मुलांना हसू दिलं मी. पस्तीस वर्षं झाली. तुझं वाचन माझ्या हातून राहून गेलं."

सांतोची मान खाली गेली. "डोळे जरा..."

"डोळे चांगले आहेत तुझे. घरात आता चांगली मास्तरीण आहे, तिच्याजवळ बस."

दुसऱ्या पहाटे जोनालिनने पाट ओढून बापाशेजारी लावला. "पापा, बोट ठेवा."

"आधी कापितानचं..."

"तो ऐकेल. ठेवा बोट."

दोघांचा आवाज एकदम. तिचा पुढे, त्याचा फरफटत मागे. तो अडला की ती काही म्हणायची नाही, नुसती थांबून पुन्हा बरोबर घ्यायची. एकच परिच्छेद, तीनदाच, जास्त नाही. एस्तर चुलीपाशी सुकी मासळी परतायचं थांबवून ऐकायची आणि एकही टोमणा मारायची नाही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या पहाटे कुंपणापाशी बेर्तिंग येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडलं होतं, काहीतरी झणझणीत बोलणार होता. सांतोने त्याला पाहिलं. कागदावरून बोट मात्र त्याने हलवलं नाही. दुसरा हात त्याने कापितानच्या पाठीवरून काढला आणि पाटाच्या कडेवर दोनदा टकटक केली.

जोनालिन शब्दाच्या मधेच गप्प झाली.